हळदीचा रंग : मोंढ्यातला आणि पेशीतला

नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील वसमत आणि त्यांच्या भोवतीचा कालव्याखालचा टापू हा आज महाराष्ट्रातील हळदीचा मोठा पट्टा आहे. फाल्गुन-चैत्रात वसमत, हिंगोली आणि नांदेडच्या मोंढ्यांत हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात, तेव्हा मालाची पहिली परीक्षा होते ती रंगावर. हा रंग करक्युमिन नावाच्या रेणूचा. वाळलेल्या हळकुंडात तो साधारण दोन ते पाच टक्के असतो. पण १९९० नंतर जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर जेवढा कागद खर्ची पडला तेवढा फार थोड्या वनस्पतिज द्रव्यांवर पडला असेल. माणसाच्या पेशीवर ताण आला की त्याची वर्दी आत पोचवणारी काही प्रथिने असतात. त्यांना प्रोटीन कायनेज म्हणतात. या कायनेजांना हा पिवळा रेणू आवर घालतो, असे प्रयोगांत दिसू लागले आणि करक्युमिनचे नाव झाले. मराठवाड्यातल्या हळदीचा इतिहास आणि कायनेजांच्या शोधाचा इतिहास एकमेकांना न ओळखता वाढले आणि या रंगापाशी एकत्र आले. मोंढ्याने रंगाला भाव दिला, तसा प्रयोगशाळेनेही दिला. रंगाने चकवले मात्र दोघांनाही.

हळदीचा हा पट्टा फार जुना नाही. निजामाच्या राजवटीत नांदेडची ओळख कापसाची. इथला गावरानी कापूस धाग्यासाठी नावाजलेला होता, आणि शहरातल्या उस्मानशाही मिलने ती ओळख पक्की केली. १८९९ ते १९०१ या काळात मनमाड ते सिकंदराबाद हा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग खुला झाला आणि नांदेडचा माल बाहेर जाऊ लागला, तोही मुख्यतः कापूस आणि धान्य. हळद होती ती विहिरीवरच्या मळ्यातल्या चार वाफ्यांपुरती, घरच्या आणि गावच्या गरजेपुरती. मराठी मुलखात हळद म्हटले की तेव्हा सांगलीच डोळ्यांपुढे येई. तिथली राजापुरी जात, तिथला सौदा आणि शेजारच्या हरिपुरात जमिनीखाली खोदलेली हळद साठवायची पेवे यांचा दबदबा होता.

चित्र पालटले ते पाण्याने. पूर्णा नदीवरची येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे १९६८ पर्यंत उभी राहिली आणि वसमतच्या काळ्या जमिनीत कालवा आला. पैनगंगेवरचे इसापूर धरण १९८२ मध्ये झाले. पाणी आल्यावर पहिली धाव उसाकडे गेली, अर्धापूर भागात केळीकडे. हळद त्यांच्या मागून फेरपालटीचे पीक म्हणून शिरली आणि पुढे मुख्य पीक होऊन बसली. बेणे आले ते प्रामुख्याने सेलम जातीचे, म्हणजे तमिळनाडूतल्या सेलमकडचे. ही जात आठ-नऊ महिने शेत अडवते, पण उतार चांगला देते आणि रंगही गडद देते. गादीवाफा आणि ठिबक आल्यावर काळ्या जमिनीतले पाणी साचण्याचे आणि कंद सडण्याचे दुखणे बरेच आटोक्यात आले.

लातूरला हे जमले नाही, आणि त्याचे कारणही पाणीच. लातूरची बाजारपेठ नांदेडइतकीच जुनी आणि कदाचित जास्त चलाख. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली तेव्हापासून तिथला आडत बाजार वाढत गेला. पण तो डाळींचा आणि पुढे सोयाबीनचा झाला. मांजरेच्या भरवशावर नऊ महिन्यांचे ओलिताचे पीक घेण्याची हिंमत थोड्यांनाच होती. एप्रिल २०१६ मध्ये तर लातूर शहराला प्यायचे पाणी रेल्वेच्या टँकरांतून मिरजेहून आणावे लागले. हळदीच्या सांगली जिल्ह्यातून तुरीच्या लातुरात पाणी गेले, या एका गोष्टीत दोन्ही पिकांचा नकाशा दिसतो.

हळदीचा रंग शेतात तयार होतो, पण बाजारात चालण्याजोगा होतो तो काढणीनंतरच्या खटाटोपात. अक्षय तृतीयेपासून मृगापर्यंत लागवड, आणि पौष-माघात पाला वाळला की कापून काढणी. खणून काढलेल्या बुडख्यातून जेठे गड्डे वेगळे केले जातात; ते बेण्याला ठेवायचे. बोटांसारखी हळकुंडे शिजवायला जातात. जुन्या पद्धतीत शेताच्या बांधावर गुळाच्या काहिलीसारखी पसरट काहिल चुलाण्यावर चढे, हळद बुडेल एवढे पाणी घातले जाई आणि वर पाला टाकून तरटाने तोंड झाकले जाई. फेस येऊन हळदीचा उग्र वास सुटला की शिजवणारा एक हळकुंड काढून त्यात काडी टोचून पाही. काडी सहज शिरली की माल उतरवायचा. कच्चा राहिला तर आत पांढरट डाग राहतो, जास्त शिजला तर रंग उतरतो. आता काहिलीची जागा वाफेच्या कुकरने घेतली आहे. वेळ आणि सरपण वाचते, पण काडीची परीक्षा अजून तीच आहे. शिजवण्याने कंदातली पिठूळ सत्त्वे लापशीसारखी होतात, रंगद्रव्य गाभ्यापर्यंत सारखे पसरते आणि कोंब फुटण्याची शक्यता संपते. मग पंधरा दिवस ऊन. पाच क्विंटल ओल्या हळदीची साधारण क्विंटलभर वाळली हळद हाती येते, आणि ती फिरत्या ड्रममध्ये घालून पॉलिश होते. शेवटच्या फेऱ्यांत हळदीच्याच भुकटीचे पाणी शिंपडले की हळकुंड झळकते.

म्हणूनच मोंढ्यातला मुरलेला खरेदीदार वरच्या पिवळेपणाकडे फारसे पाहत नाही. पोत्यात हात घालून मूठभर माल काढायचा आणि एक हळकुंड मोडायचे. मोडताना आवाज खणखणीत आला तर माल वाळलेला. पिचल्यासारखा आला तर ओल आहे. मोडलेल्या तोंडाशी नारिंगी झाक असेल तर भाव चढतो, फिकट वा पोकळ निघाले तर उतरतो. आडत्याची बोली, हमालाची थप्पी, काट्यावरचे वजन हे सगळे या मोडण्यानंतरचे. वरचा रंग खोटा असू शकतो हे बाजाराला फार पूर्वीपासून माहीत आहे. पॉलिश ही त्यातली निरुपद्रवी गोष्ट. शिशाचा पिवळा क्षार चोळून हळद उजळवण्याचा घातक उद्योग बांगलादेशात चालत असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून उघड झाले, आणि गर्भवतींच्या रक्तातले शिसे कुठून आले याचा छडा त्यातून लागला.

या मुलखात हळद केवळ मसाल्यात जात नाही. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. लातूर-धाराशिवकडे त्याच सुमारास शेतात वेळा अमावस्येची पंगत बसते, आणि माळेगावात येळकोटाच्या गजरात भंडारा उधळला जातो. भंडारा म्हणजे हळदीची भुकटी. घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा बाजार, तमाशाच्या राहुट्या आणि या सगळ्यांवर बसलेला पिवळा थर हे या यात्रेचे नेहमीचे रूप. लग्नातली हळद आणि सवाष्णीचे हळदीकुंकू सगळीकडचेच. पण कुंकवाची कृती इथे थोडी थांबून पाहण्यासारखी आहे, कारण पुढच्या रसायनशास्त्राची किल्ली तिच्यात आहे. जुन्या पद्धतीचे कुंकू हळदीचेच बनते. हळदीला टाकणखार आणि लिंबाचा रस लावून, किंवा साध्या घरगुती रीतीने चुना लावून, पिवळ्याचा लाल करतात. क्षाराचा स्पर्श झाला की करक्युमिनचा रेणू आपले हायड्रोजन सोडतो, प्रकाश वेगळ्या तऱ्हेने शोषतो आणि लाल दिसतो. हा रेणू मुळातच हळवा आहे. आसपासचे आम्ल-अल्क जरा बदलले की तो बदलतो.

युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांना हा रेणू हाती लागला १८१५ मध्ये. फोगेल आणि पेलेटिये यांनी हळदीतून पिवळे द्रव्य वेगळे काढून त्याला करक्युमिन नाव दिले. त्याची नेमकी रचना कळायला जवळजवळ शतक लागले. १९१० मध्ये कोस्तानेत्स्की, मिलोबेन्झका आणि लांपे यांनी ती मांडली, आणि १९१३ मध्ये लांपेने ते कृत्रिम रीतीने बनवूनही दाखवले. त्यानंतर बरीच वर्षे करक्युमिन म्हणजे एक रंग, फार तर अन्नातला रंग, एवढीच त्याची ओळख राहिली.

पेशीतल्या निरोपांचा शोध हळदीशी काडीचाही संबंध नसलेल्या ठिकाणी सुरू झाला. १९५४ मध्ये जॉर्ज बर्नेट आणि यूजीन केनेडी यांनी दाखवले की एक विकर दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटचा गट जोडू शकतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेत सिएटलला एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स स्नायूंतल्या साखरेचा अभ्यास करत असताना त्यांना या जोडणीचा अर्थ उमगला. स्नायूत साठवलेले ग्लायकोजेन तोडणारे फॉस्फोरिलेज नावाचे विकर असते. त्याला फॉस्फेट जोडला की ते जागे होते, काढला की निजते. फॉस्फेट जोडणाऱ्या विकराला त्यांनी फॉस्फोरिलेज कायनेज म्हटले. पेशीचे ऊर्जेचे चलन असलेल्या एटीपी या रेणूकडून कायनेज एक फॉस्फेट उचलते आणि प्रथिनातल्या सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या घटकांवर बसवते. फॉस्फेटवर भरपूर ऋण विद्युतभार असतो. तो बसला की प्रथिनाचा आकार मोडतो, वळतो, आणि त्याचे काम बदलते. फॉस्फेटेज नावाची दुसरी विकरे तो काढून घेतात. एवढ्या साध्या व्यवहारावर पेशीतले बहुतेक निर्णय चालतात हे पटायला जगाला बराच वेळ लागला. फिशर आणि क्रेब्स यांना नोबेल मिळाले ते १९९२ मध्ये, शोधानंतर सदतीस वर्षांनी. २००२ मध्ये मानवी जनुकसंचाची यादी चाळून कायनेजांची संख्या ५१८ सांगितली गेली.

ताणाची गोष्ट दुसऱ्या टोकाने आली. १९६२ मध्ये इटलीत फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रे पाहत होता. पेशी ठेवलेल्या पेटीचे तापमान कुणीतरी चुकून वाढवले, आणि गुणसूत्रांवर एरवी न दिसणारे फुगवटे उठले. उष्णतेच्या माऱ्याने काही ठरावीक जनुके जागी झाली होती. त्यांच्यापासून बनणारी प्रथिने उष्णताघात प्रथिने म्हणून ओळखली गेली. तापल्याने विस्कटलेल्या इतर प्रथिनांना सावरून धरणे हे त्यांचे काम. मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात राबणाऱ्याचे शरीर आतूनही तापते, तेव्हा त्याच्या पेशींत हीच यंत्रणा हलते.

ही वर्दी पेशीच्या पडद्यापासून केंद्रकापर्यंत पोचते कशी, याचे उत्तर पुढे कायनेजांनी दिले. १९९४ च्या सुमारास वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी जेएनके आणि पी-३८ ही दोन कायनेज जवळपास एकाच वेळी शोधली. अतिनील किरणे, उष्णता, क्षाराचा ताण, ऑक्सिजनचे उग्र अवशेष, जंतूंची विषे, यांपैकी काहीही पेशीवर कोसळले की ती जागी होतात. त्यांच्यापर्यंतची साखळी तीन पायऱ्यांची असते: वरचे कायनेज मधल्यावर फॉस्फेट बसवते, मधले खालच्यावर, आणि खालचे केंद्रकात जाऊन जनुके चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांवर. तीन पायऱ्या का, असा प्रश्न पडतो. प्रत्येक पायरीवर निरोप मोठा करता येतो, आणि प्रत्येक पायरीवर तो अडवताही येतो.

याहून प्रसिद्ध झाली ती एनएफ-कप्पा-बी ची वाट. १९८६ मध्ये अमेरिकेत रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी हे प्रथिन शोधले. एरवी ते आय-कप्पा-बी या दुसऱ्या प्रथिनाला बांधलेले, केंद्रकाबाहेर अडकून पडलेले असते. ताणाची किंवा जंतुसंसर्गाची वर्दी आली की आयकेके नावाचे कायनेज आय-कप्पा-बी वर फॉस्फेट बसवते. फॉस्फेट हा इथे मरणाचा शिक्का ठरतो; आय-कप्पा-बी ची विल्हेवाट लागते, एनएफ-कप्पा-बी मोकळे होते, केंद्रकात शिरते आणि दाह वाढवणारी जनुके जागी करते. जखम झाली, जंतू शिरले, तर हा दाह हवाच. तो दिवसेंदिवस चालू राहिला तर मात्र संधिवातापासून कर्करोगापर्यंत बऱ्याच दुखण्यांना खतपाणी मिळते. म्हणून १९९० च्या दशकात औषधशास्त्राला एकच ध्यास लागला: दाहाच्या आणि वाढीच्या वाटेवरचे कायनेज रोखणारा रेणू सापडला पाहिजे.

भारतात तोवर हळदीच्या दाहशामक गुणाकडे आधुनिक पद्धतीने पाहणे सुरू झालेले होते. १९७३ मध्ये लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतून श्रीमल आणि धवन यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून करक्युमिन दाह कमी करते असे दाखवले. १९८६ मध्ये मुंबईचे औषधशास्त्रज्ञ डॉ. सातोसकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हर्निया आणि हायड्रोसीलच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना करक्युमिन देऊन फेनिलब्युटाझोन या प्रचलित औषधाशी आणि निष्क्रिय गोळीशी त्याची तुलना केली. टाटा स्मारक केंद्राच्या मुंबईतल्या कर्करोग संशोधन संस्थेत सुमती भिडे यांच्या गटाने रसायनांनी उंदरांत उठवलेल्या गाठी हळदीने कमी होतात का हे तपासले आणि १९९२ मध्ये निष्कर्ष छापले. हे सगळे काम सावध होते, आणि आजही वाचताना ते सावधच वाटते. कायनेजांचे नाव त्यात फारसे नव्हते.

ते आले अमेरिकेतून. टेक्सासच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातल्या भरत अग्रवाल यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये दाखवले की करक्युमिन फॉस्फोरिलेज कायनेजला रोखते. फिशर आणि क्रेब्स यांनी जिथून सुरुवात केली तेच हे कायनेज. पुढच्या वर्षी याच प्रयोगशाळेतून निबंध आला तो एनएफ-कप्पा-बी चे जागे होणे करक्युमिनने थांबते असा. मग जेएनके आले, पी-३८ आले, आयकेके आले, वाढीशी संबंधित टायरोसीन कायनेज आले. २००३ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातूनही आयकेकेच्या वाटेवर करक्युमिनचा परिणाम दाखवणारे काम प्रसिद्ध झाले. दहा-पंधरा वर्षांत अशी अवस्था आली की पेशीतली एखादी ताणाची वाट करक्युमिनने अडत नाही असे दाखवणे हीच बातमी ठरली असती. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. अग्रवाल यांच्या प्रयोगशाळेचा कायनेजावरचा निबंध त्याच वर्षाचा. म्हणजे जिथे हळद पिकते तिथले स्वतःचे विद्यापीठ आणि हळदीच्या रेणूची जागतिक कीर्ती एकाच वयाची आहेत.

कीर्तीबरोबर मालकीचा प्रश्नही आला. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले. मराठी घरात जखमेवर हळद दाबणे ही एवढी सहजची गोष्ट की तिचे कोणी पेटंट घेईल हे ऐकून लोकांना आधी हसूच आले. गोव्यातल्या माशेलात जन्मलेले, मुंबईत शिकलेले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून पुढे आलेले रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली. ‘आमच्या आजीला हे माहीत होते’ असे म्हणून पेटंट रद्द होत नाही. आधी छापलेला पुरावा लागतो. संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतले उतारे आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ मध्ये आलेला निबंध असे बत्तीस संदर्भ दिले गेले. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने सर्व दावे फेटाळले. पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभारण्याची कल्पना पुढे मूळ धरू शकली ती या आणि अशा लढायांमुळे. एक गोष्ट मात्र गर्दीत विसरली जाते: वाद जखमेवर लावायच्या हळदीचा होता, पेशीतल्या कायनेजांचा नव्हता, आणि पेटंट रद्द झाले ते हळद गुणकारी नाही म्हणून नव्हे, तर ती गोष्ट नवी नव्हती म्हणून.

कायनेजांच्या बाजूने मात्र पाया खचत चालला होता. पहिली अडचण पोटातली. करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते ते यकृत झटपट निकामी करते. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात दोन ग्रॅम करक्युमिनबरोबर मिऱ्यातले २० मिलिग्रॅम पिपरीन दिले तेव्हा रक्तातले प्रमाण वीसपटीने वाढले. हा आकडा जाहिरातींना फार आवडतो. मूळचे प्रमाण जवळजवळ शून्य होते, त्याची वीसपट ती किती, हे जाहिराती सांगत नाहीत. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत कायनेज थांबवायला जेवढे करक्युमिन लागते, तेवढे वरण-भाजीतल्या चिमूटभर हळदीने रक्तात पोचण्याचा प्रश्नच नव्हता. ‘पी हळद आणि हो गोरी’ या म्हणीतली घाई इथे शास्त्राच्या भाषेत चालली होती.

दुसरी अडचण रेणूच्या स्वभावातली, आणि कुंकू करणाऱ्यांना ती आधीपासून माहीत होती. १९९७ मध्ये दिसून आले की शरीराच्या तापमानाला, रक्ताच्या जवळपासच्या किंचित अल्कधर्मी द्रावणात, करक्युमिनचा सुमारे नव्वद टक्के भाग अर्ध्या तासात मोडतो. चुना जे क्षणात करतो त्याची सौम्य आवृत्ती इथे घडते. रंग लाल होण्याइतकी नाही, पण रेणू टिकू न देण्याइतकी. मग चोवीस तास करक्युमिनमध्ये ठेवलेल्या पेशींत जो परिणाम दिसला तो करक्युमिनचा की त्याच्या तुकड्यांचा?

तिसरी अडचण थेट रंगाची. कायनेज थांबले की नाही हे मोजण्याच्या अनेक चाचण्या प्रकाशावर चालतात: किती प्रकाश शोषला गेला, किती चमक निघाली. करक्युमिन स्वतः निळसर प्रकाश शोषते आणि स्वतः चमकतेही. चाचणीत ते टाकले की यंत्राला वाटते विकर थांबले, प्रत्यक्षात रंगाने यंत्राचे डोळे झाकलेले असतात. शिवाय हा रेणू प्रथिनांतल्या गंधकयुक्त घटकांना चिकटतो, धातूंना धरतो, पेशीचे पडदे ढिले करतो आणि द्रावणात गोळे करून बसतो. त्यामुळे तो ज्याला त्याला ‘रोखताना’ दिसतो. औषधशोधात अशा रेणूंची ठकसेनांची एक यादीच आहे, आणि २०१७ मध्ये कॅथरीन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीत लिहिलेल्या विस्तृत आढाव्यात करक्युमिनला तिच्यात वरचे स्थान दिले. एकशेवीसहून अधिक वैद्यकीय चाचण्या होऊनही दुहेरी गुप्ततेची, निष्क्रिय गोळीशी तुलना केलेली एकही चाचणी निःसंदिग्ध यश दाखवत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याआधीच्या वर्षी, २०१६ मध्ये, बायोकेमिकल फार्माकॉलॉजी या नियतकालिकाने अग्रवाल यांचे सात निबंध एकदम मागे घेतले होते. इतर नियतकालिकांनीही पुढे तसेच केले. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे म्हणतात ते शास्त्रातही घडू शकते.

तरी सगळे पुसून टाकावे असेही नाही. २०१८ मध्ये सॅन डिएगोच्या प्रयोगशाळेतून सौरव बॅनर्जी, जॅक डिक्सन आणि सहकाऱ्यांनी डायर्क-२ या कायनेजाच्या स्फटिकात करक्युमिन नेमके कुठे बसते ते क्ष-किरणांनी दाखवले. एटीपी जिथे बसतो त्याच खाचेत हा पिवळा रेणू जाऊन बसला होता. डायर्क-२ हे पेशीतली जुनी प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेला गती देते, त्यामुळे काही कर्करोगांत ते महत्त्वाचे. हा पुरावा प्रकाशाच्या चाचणीवर टेकलेला नाही, अणूंच्या जागांवर आहे. म्हणून त्याचे वजन वेगळे. रक्तात पोचण्याचा प्रश्न मात्र तसाच उरतो. कायनेज रोखणारे पहिले गाजलेले औषध, इमॅटिनिब, २००१ मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी आले आणि त्यानंतर अशी सत्तरहून अधिक औषधे अमेरिकेत मंजूर झाली. त्यांत करक्युमिन नाही. उलट, शोषण वाढवलेल्या करक्युमिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी २०१९ मध्ये इटलीत झाल्या, आणि स्वयंपाकातली हळद व डबीतली गोळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे आरोग्यखात्यांना सांगावे लागले.

प्रयोगशाळेतला हा चढउतार मोंढ्यात पोचला तो वेगळ्या वाटेने. अर्क काढणाऱ्या कारखान्यांना हळकुंड गोल आहे की लांब, पॉलिश कसे आहे, याचे देणेघेणे नसते. त्यांना करक्युमिनची टक्केवारी हवी असते. मोडून पाहण्याच्या परीक्षेशेजारी त्यामुळे कागदावरच्या चाचणीचा अहवाल आला. तोही रंगाचेच मोजमाप आहे, फक्त डोळ्याऐवजी यंत्राने केलेले. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचे स्वतंत्र सौदे चालतात. वसमतला सुधारित बेणे, प्रक्रिया आणि प्रशिक्षणासाठी बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले होते. २०२४ मध्ये ते वसमतच्या हळदीलाही मिळाले. त्याच वर्षी लातूरकडच्या बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांनाही मानांकन मिळाले, म्हणजे कोरडवाहू आणि ओलिताच्या मराठवाड्याची नावे एकाच वेळी नोंदवहीत चढली. राष्ट्रीय हळद मंडळाचे काम १४ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाले. त्याचे मुख्यालय निजामाबादला आहे, नांदेड जिल्ह्याची हद्द ओलांडली की लागणाऱ्या तेलंगणातल्या जिल्ह्यात.